परकराचं माप

मी चौदा वर्षांची होते आणि लोक माझे पाय धुऊन ते पाणी डोळ्यांना लावत होते. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. मला त्याचा अजूनही राग येतो, आणि तो ओसरावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

अकोल्याकडच्या मालेगाव तालुक्यात मेडशीच्या जवळ आमचं गाव. नवरात्रात मोठ्या आईकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या बायकोकडे, घट बसायचे आणि अष्टमीला कुमारिका जेवायची. वयात न आलेली पोर देवी समजून पाटावर बसवायची, परातीत पाय ठेवून धुवायचे, कुंकू लावायचं, नवा परकर-पोलका द्यायचा, पुरणपोळी वाढायची. इतर घरांत दोन-तीन वर्षांनी कुमारिका बदलते, कारण पोरी मोठ्या होतात. मी सातव्या वर्षी मोठ्या आईच्या पाटावर बसले, त्याच वर्षी त्यांच्या वावरातल्या बोअरला पाणी लागलं, आणि मग मला त्या पाटावरून कोणी उठवलंच नाही. मी पायगुणाची ठरले. वर वाढतही नव्हते, म्हणजे बदलायचा प्रश्नच नव्हता.

खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मला ते आवडायचं. एरवी माझ्यावर खेकसणाऱ्या बायका त्या दिवशी माझ्यापुढे वाकायच्या. अकराव्या-बाराव्या वर्षी मात्र लाज वाटायला लागली. वर्गातल्या मैत्रिणी ओढण्या घ्यायला लागल्या होत्या आणि माझ्या शेजारच्या पाटावर शेंबूड पुसत चार वर्षांची पोर बसलेली असायची. एसटीत कंडक्टर मला बघून न विचारता अर्धं तिकीट फाडायचा. बायकांना अर्धं तिकीट नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. बाबा गप्प बसायचे, आणि मी खिडकीबाहेर बघायचे. धाकट्या बहिणीचे जुने कपडे मला यायला लागले, तेव्हा आई स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडली. तिनं तिच्या परीनं सगळं केलं होतं. टॉनिकच्या बाटल्या, अंगणातल्या कडुलिंबाला लोंबकळणं, सायकल, उपास. बाकी सगळं गाव म्हणायचं, काही होत नाही, देवीचं रूप आहे.

मला ताप आला म्हणून आईनं आरोग्य केंद्रात नेलं, तिथं एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी वय विचारलं. आईनं चौदा सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं. मग तापाचं औषध राहिलं बाजूला, त्यांनी मला भिंतीला उभं केलं, टेप लावला. एकशे अठरा सेंटीमीटर. त्याच दुपारी त्यांनी अकोल्याच्या हार्मोनच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

अकोल्याच्या डॉक्टरही बाईच होत्या, बोलायला फटकळ. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिचं नाव पिट्युटरी. वाढीचा हार्मोन तीच सोडते. तो कमी पडला की पोर वाढत नाही, बाकी ठणठणीत दिसते. मग त्यांनी विचारलं, ही पहिल्यापासून हळू वाढत होती, की चांगली वाढता वाढता मधेच थांबली? मधेच थांबली असेल तर डोक्यात गाठ असण्याची भीती जास्त. दर वर्षीची उंची कुठं लिहिलेली आहे का?

आई-बाबांनी एकमेकांकडे बघितलं. मग बाबांना शाळा आठवली. शाळेत दर वर्षी उंची-वजन लिहितात.

बाबांनी शाळेतून माझ्या आरोग्य पत्रकांच्या झेरॉक्स आणल्या आणि आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. तिसरीत एकशे दहा. चौथीत एकशे पंधरा. पाचवीत एकशे वीस. असं करत आठवीत एकशे पस्तीस. दर वर्षी बरोबर पाच. पत्रकं भरणाऱ्या मास्तरांनी मला एकदाही भिंतीला उभं केलं नव्हतं. मागच्या वर्षीच्या आकड्यात पाच मिळवले की झालं काम. डॉक्टरबाईंनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि कागद टेबलावर आपटला. कागदावरची मी माझ्यापेक्षा सतरा सेंटीमीटर उंच होते. तिची तब्येत उत्तम होती. मास्तर वाईट माणूस नव्हते, शिकवायचेही बरे. पण माझ्या आयुष्याची पाच-सहा वर्षं त्यांनी बेरीज करून खाल्ली, आणि मी त्यांना माफ केलेलं नाही.

परतीच्या एसटीत आई एकदम म्हणाली, परकर.

मोठी आई दर नवरात्राला मेडशीच्या एकाच शिंप्याकडून माझा परकर शिवून घ्यायची. आणि शिंपी मापाशिवाय कात्री लावत नाही. आम्ही घरी न जाता मेडशीलाच उतरलो. शिंप्यानं फळीवरून जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक दसऱ्याच्या आधीच्या पानावर मोठ्या आईचं नाव आणि खाली माझी कंबर, परकराची उंची. पहिल्या वर्षी परकर बावीस इंच. मग साडेबावीस, तेवीस. एका वर्षी नुसतं लिहिलं होतं, मागचंच. सात वर्षांत तीन इंच, सगळा मिळून. मधेच कुठं थांबलेली नव्हते, पहिल्यापासून अशीच रांगत होते. सरकारी कागदाला जे जमलं नाही ते त्या माणसानं खडूच्या हातानं इमानदारीनं लिहून ठेवलं होतं.

बाबा वहीचे मोबाइलवर फोटो काढत होते, तेव्हा शिंपी मशीनवरून न उठता म्हणाला,

"भाऊ, तुमच्या वयनीले मी बोललो होतो. तीन वर्सं झाले. म्हटलं, पोरीचं माप काहून वाढून नाही राह्यलं, एखांद्या डॉक्टरले दाखवा. तं त्या म्हने, तुले परकर शिवाले देल्ला, तेवढा शिव."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. गावातल्या बाकीच्यांना कळत नव्हतं, ते अडाणी होते असं समजून मी सोडून देईन. पण मोठ्या आईला सांगितलेलं होतं. ती सांगितलेलं दाबून माझे पाय धूत होती.

पुढचं डॉक्टरांनी भराभर केलं. डाव्या हाताचा एक्स-रे काढला, त्यात माझी हाडं साडेआठ वर्षांच्या पोरीची निघाली. एक गोळी देऊन दर अर्ध्या तासानं रक्त घेतलं. त्या गोळीनं हार्मोन वर चढायला हवा होता, तो जागचा हलला नाही. मला नुसती झोप आली. डोक्याचा एमआरआय झाला. गाठ नव्हती. ग्रंथीच जन्मापासून लहान होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, हाडांची वाढणारी टोकं अजून मिटलेली नाहीत, म्हणजे वेळ आहे, पण थोडाच. आणि सातव्या वर्षी आणली असती तर ही आईएवढी झाली असती. हे त्यांनी बोलायला नको होतं असं आई म्हणते. मला वाटतं, बरं झालं बोलल्या.

रोज झोपताना मांडीत किंवा पोटात इंजेक्शन. ते थंड ठेवायला बाबांनी जुना फ्रीज आणला, लाइट गेली की आई बर्फाच्या डब्यात ठेवायची. पैसा कसा उभा केला ते बाबांचं बाबांना माहीत, त्यांनी मला कधी ऐकू दिलं नाही. मोठी आई मात्र आमच्या ओट्यावर येऊन बोलून गेली, की देवीच्या अंगाले सुया टोचून राह्यले, घराचं वाटोळं होईन. मी आतून बाहेर आले आणि शिंप्याचं तिला विचारलं. मला वाटलं होतं नाकारेल.

"मले समजलं होतं," ती म्हणाली. "पन वाटलं, देवीनंच तुले तशी ठेवली असन. माह्या घरासाठी."

तिच्या घरासाठी. माझी हाडं, माझी वर्षं, तिच्या बोअरच्या पाण्यासाठी. मी तिला त्या दिवशी जे बोलले ते आईनं मला नंतर कधी आठवू दिलं नाही. त्या नवरात्रात मी गेले नाही. त्यानंतरच्याही नाही. ती हट्टानं दर वर्षी निरोप पाठवायची, आणि माझ्या ऐवजी कोणाला बसवायचीही नाही. पाट रिकामा ठेवायची म्हणे.

मी वाढत होते. पहिल्या वर्षी दहा सेंटीमीटर. पायाच्या नळ्या रात्रंदिवस ठणकायच्या आणि भूक अशी लागायची की आई भाकरी करून थकायची. मेडशीच्या शिंप्याकडे ड्रेस शिवायला टाकला तेव्हा त्यानं टेप धरून दोनदा मोजलं आणि वहीत लिहिलं. तीन वर्षांत मी पंचवीस सेंटीमीटर वाढले. सतराव्या वर्षी, नवरात्राच्या सातव्या माळेला, मला पहिल्यांदा पाळी आली. दुसऱ्या दिवशी अष्टमी. आई म्हणाली घरीच बस. मी केस विंचरले आणि निरोपाची वाट न बघता मोठ्या आईकडे गेले.

मला अंगणात बघून तिचं तोंड उजळलं. पोर वळणावर आली असं तिला वाटलं असणार. लगबगीनं तिनं पाट मांडला, परात आणली, तांब्या भरला. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

"मोठी आई, मी बाहेरची हावो," मी म्हणाले. "कालपासून."

आमच्याकडे पाळी आलेल्या बाईला बाहेरची म्हणतात. तिला घटाच्या खोलीत पाऊल टाकता येत नाही, तिचा स्पर्शही चालत नाही. मोठ्या आईनं तांब्या खाली ठेवला. माझ्या तोंडाकडे बघायला आता तिला पहिल्यासारखी मान खाली घालावी लागत नव्हती. मग तिनं परात भिंतीला टेकवून ठेवली, पाट उचलून आत नेला आणि ओसरीच्या टोकाला, चपलांच्या बाजूला, एक पोतं अंथरलं. मी बसले. तिनं पत्रावळ सरकवली आणि बोट लागू नये म्हणून पुरणपोळी हातभर वरून टाकली. सात वर्षं माझ्या पायाचं पाणी डोळ्यांना लावलं, तो हा हात.

पोळी अर्धी पत्रावळीवर पडली, अर्धी पोत्यावर. मी ती उचलून खाल्ली. राग तसाच होता तरी खाल्ली, कारण भूकही खरी होती. आणि मग पत्रावळ पुढे करून तिला म्हणाले, अजून एक वाढ.