पडद्यावर माझं बोट

पीएचडी झाल्यावरही शिकायला यावं लागतं, हे मला त्या मुलीमुळे कळलं. पोस्टडॉक म्हणतात त्याला; नेमणूक एकेका वर्षाची, सरांनी वाढवली तर वाढते. ती दुर्गच्या रेल्वे कॉलनीतली, घरी मराठी बोलणारी. मी भिलाईच्या त्या कॉलेजात मोठ्या सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत फरशी पुसायचे. टेबलाला हात लावायचा नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी कधी लावला नाही.

दुपारी कोणी नसलं की ती माझ्या डब्यातली भाकर खायची. "मावशी, मेसचं खाऊन कावली मी," म्हणायची.

धातूच्या नखाएवढ्या चकत्यांवर तिचं काम चालायचं. चकती अगदी स्वच्छ लागते. एकदा तिच्या चकतीवर तेलकट थर निघाला. तिचे सर सगळ्यांसमोर ओरडले, "एक साल और चाहिए तुमको? इसके लिए?"

ती मान खाली घालून म्हणाली, "सर, वो बाई पोछा लगाती है ना. उसी ने छुआ होगा."

मला वाटलं, आता कोणीतरी मला विचारेल. कोणी विचारलं नाही.

सरांनी एक कोरी चकती आणली. "इधर आओ. उंगली रखो."

मी बोट पदराला पुसलं तर मुलं हसली.

"पोछो मत. जैसी है, वैसी रखो."

चकती यंत्रात गेली. पडद्यावर माझ्या बोटाचा मळ उमटला, भिंतीवर ओल चढावी तसा. "ये देखो, कचरा," सर म्हणाले. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला. तिनेही वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मला संडासांच्या कामाला लावलं. नवीन मुलं आली की ते चित्र दाखवतात, असं चौकीदार सांगत होता.

पुढे तिच्या चकतीवर पुन्हा तसाच थर आला. संडासांच्या कामाला लागल्यापासून मी त्या खोलीत पाऊलही ठेवलं नव्हतं. ती मला शोधत संडासाच्या बोळात आली.

"मावशी, सरांना सांगा ना, तुमी लपून आत आल्ता म्हणून. नाहीतर माझं वर्ष वाढत नाही."

"मी नाई आली आत."

"मले मालूम आहे. पन सांगा ना. तुमाले आता काय फरक पडते? तुमी तं बाहेरच आहा."

मी पोछा पिळला. सरांकडे जायचं नाही, हे माझं ठरलं होतं. ती रडायला लागली, आणि मला बरं वाटलं.

"बाजूले सरक," मी म्हटलं. "ओल्यावर पाय पडून राहिले तुये."