किसलिंगबाईंचं दार

ब्रँट्स फेरी या आमच्या अमेरिकेतल्या गावात कुणाही चाळिशीच्या माणसाला विचारा, बीजगणित कुणी शिकवलं. तो आधी तोंड वाकडं करील आणि मग म्हणेल, किसलिंगबाईंनी. आता त्याची पोरं त्याच बाईंच्या हाताखाली आहेत आणि तीही तसंच तोंड वाकडं करतात. व्हर्ना किसलिंग अंगानं लहानखुऱ्या, आवाज मात्र शेवटच्या बाकाला जागं करणारा. वर्गात गम चघळलेला चालत नाही, उशिरा आलेलं चालत नाही, आणि पेपरात पायऱ्या गाळून नुसतं उत्तर लिहिलं तर शून्य. त्यांचा नवरा मर्ल काच कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून गॅरेजमध्ये पाखरांसाठी लाकडी घरं ठोकत बसतो. तो म्हणतो, आमच्या घरी भांडणातसुद्धा पायऱ्या दाखवाव्या लागतात.

एका बाबतीत मात्र बाई पूर्वी अगदी सैल होत्या. त्यांच्या वर्गाचं दार कधी बंद नसे. जुनी इमारत, वाफेवर चालणारे हीटर. ते एकदा तापले की ऐन थंडीत घाम फुटायचा. म्हणून बाई दाराखाली लाकडाचा एक तुकडा सारून ठेवत. जाता-येता कुणीही डोकवावं, शेजारच्या मास्तरांनी कॉफीचा कप घेऊन चौकटीला टेकावं, मागच्या वर्षीच्या पोरांनी हात हलवून पुढे जावं. त्या काळी हरणांच्या शिकारीचा मोसम आला की मोठी पोरं पहाटे रानात जाऊन तशीच शाळेत यायची. पिकअप ट्रकच्या मागच्या काचेशी बंदूक टांगलेली असायची आणि मुख्याध्यापक स्वतः पार्किंगमध्ये जाऊन ती हातात घेऊन न्याहाळायचे. आज हे सांगितलं तर नव्या शिक्षकांना थाप वाटते.

पुढे देशात शाळाशाळांतून कसे गोळीबार होत गेले ते सांगायला नको. आमच्या शाळेनंही दारं बदलली. नवी दारं पोलादी, लोटली की आपोआप कुलूप लागणारी. दाराखालचा लाकडाचा तुकडा उपमुख्याध्यापक टॅकेट स्वतः येऊन उचलून घेऊन गेला. टॅकेट बाईंचाच जुना विद्यार्थी, आणि त्याचे अपूर्णांक कच्चे होते हे बाई अजून विसरलेल्या नाहीत. त्यांनी त्याला विचारलं, हे दार आहे का बँकेची तिजोरी? तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, मलाही आवडत नाही बाई, पण करावं लागतं.

मग दर वर्षी सराव सुरू झाले. कर्ण्यावरून सूचना आली की दिवे घालवायचे, दाराच्या काचेवर पडदा ओढायचा, दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात खाली बसायचं आणि श्वासाचाही आवाज करायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की बंद झालेलं दार कुणासाठीही उघडायचं नाही. धोका टळला की शाळेची माणसं बाहेरून किल्लीनं उघडतील. पोरं बालवाडीपासून हे करत आलेली. त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. बाईंची मात्र दर वेळी चिडचिड व्हायची, कारण खाली बसलं की त्यांना गुडघ्यांमुळे उठता येत नसे.

थँक्सगिव्हिंगची सुट्टी नुकतीच संपली होती, पोरं अजून टर्कीच्या जेवणाच्या गुंगीत होती. बाई फळ्यावर समीकरण मांडत होत्या. त्यांच्या नव्या स्वेटरची किमतीची चिठ्ठी पाठीवर लोंबत होती आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं. दुसऱ्या रांगेतल्या डेलनी रूशला ते दिसलं, तिनं शेजारच्या ऑड्रीला कोपर मारलं, आणि झालं. या दोघी पहिलीपासूनच्या मैत्रिणी. एकीला हसू आलं की दुसरीला आवरत नाही. बाईंनी दोनदा दटावलं. डेलनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा बाई खडू ठेवून वळल्या.

"डेलनी, ऊठ. बाथरूममध्ये जा, तोंड धू, आणि हसू तिकडेच ठेवून ये."

डेलनी तोंडावर हात दाबून गेली. दार तिच्या मागे आपोआप लागलं. बाईंनी पुन्हा खडू उचलला, तेवढ्यात कर्णा खरखरला आणि टॅकेटचा आवाज आला. दारं बंद करा, आहात तिथे थांबा. आणि मग त्यानं जे सराव असताना कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "हा सराव नाही."

बाईंनी खडू खाली ठेवला. पण त्या कामाला लागायच्या आत पोरं हललीसुद्धा होती. एकानं दिवे घालवले, एकीनं पडदा ओढला, खुर्चीचा पायही न वाजवता सगळी कोपऱ्यात जाऊन बसली. कुणी रडलं नाही. बाई त्यांच्यात बसल्या आणि अंधारात डोकी मोजताना एक डोकं कमी भरलं, तेव्हा त्यांना आठवलं की ते आपणच बाहेर पाठवलंय.

बाथरूम कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे सापडलं तर काय करायचं तेही पोरांना शिकवलेलं होतं, आतून कडी लावायची आणि कमोडवर पाय वर घेऊन बसायचं. बाई मनातल्या मनात तिला विनवत होत्या की तिथेच बस, पोरी, तिथेच बस. एवढ्यात कॉरिडॉरमध्ये पळणारी पावलं ऐकू आली आणि दारावर थापा पडायला लागल्या.

"बाई, मी आहे. डेलनी. बाई, उघडा ना."

आवाज अगदी बारीक, दाराला तोंड लावून बोलल्यासारखा. किसलिंगबाई दोन्ही हात जमिनीला टेकून उठल्या. गुडघ्यांचं काय झालं त्यांना कळलंही नाही. एक पाऊल टाकलं असेल-नसेल, कुणीतरी त्यांचा हात मनगटाशी घट्ट पकडला. ती ऑड्री होती.

"उघडू नका, बाई."

"अगं, डेलनी आहे ती," बाई कुजबुजल्या.

"मला कळतंय कोण आहे." ऑड्रीची पकड सुटत नव्हती. "तिच्या मागे कोण उभंय ते आपल्याला माहीत नाही. तिला कुणी ठोठावायला लावलं असेल तर?"

बाईंनी आजवर शेकडो पोरांच्या वह्यांतल्या चुका दाखवल्या होत्या, पण या वाक्यात त्यांना चूक सापडेना. बाहेर एक मूल होतं आणि आत वर्गभर मुलं होती, आणि ती सगळी त्यांच्याकडे बघत होती. दार चार पावलांवर होतं. आतून नुसता दांडा खाली दाबला की उघडलं असतं. थापा चालूच होत्या, "बाई, प्लीज," आणि प्रत्येक थापेला ऑड्रीची नखं मनगटात रुतत होती. बाई उभ्या राहिल्या. पुढे गेल्या नाहीत, खालीही बसल्या नाहीत.

मग थापा थांबल्या. पळून गेल्याचा आवाज नाही, काहीच नाही. ते थांबणं थापांपेक्षा वाईट होतं. पोरांचे फोन वर्गात आल्यावर ठेवायला भिंतीवर कापडी खिसे केलेत, त्यांत एकेक फोन उजळायला लागला, म्हणजे गावात बातमी पोचली होती. दुसऱ्या रांगेतल्या खिशात एक फोन पुन्हा पुन्हा थरथरत होता, त्याच्यावर ‘आई’ असं दिसत होतं. तो डेलनीचा होता. ऑड्रीनं तोंड गुडघ्यांत खुपसलं, पण बाईंचं मनगट सोडलं नाही.

कितीतरी वेळानं बाहेर किल्ली फिरली. टॅकेट आणि त्याच्यामागे शेरिफच्या ठाण्यातला पोलीस. दिवे लागले. टॅकेटचा चेहरा घामानं भिजला होता. झालं होतं असं, की शेवटच्या वर्षाचा एक पोरगा सकाळी शिकारीला गेला होता आणि बंदूक पिकअपमध्येच विसरून शाळेत आला होता. ती कुणालातरी काचेतून दिसली. पोरगा तिकडे जिममध्ये बास्केटबॉल खेळत होता, त्याला पत्ताच नव्हता.

बाईंनी टॅकेटचं काही ऐकलं नाही. त्या त्याला बाजूला सारून कॉरिडॉरमध्ये गेल्या. लॉकरची रांग संपते आणि पाणी प्यायचा नळ येतो, त्याच्या मधल्या बेचक्यात डेलनी अंग चोरून बसली होती, बुटांसकट पाय पोटाशी घेऊन. बाईंनी हात पुढे केला. तिनं तो धरला आणि उठली. मागून टॅकेट म्हणाला, की बाईंनी सगळं अगदी नियमाप्रमाणे केलं, शाळेच्या संचालक मंडळासमोर तो हे मुद्दाम सांगणार आहे. बाईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याचा काही दोष नव्हता.

शाळा लवकर सोडली. आया-बाप फाटकाशी गाड्या कशाही लावून उभे होते, पोरांना मिठ्या मारत होते. वर्ग रिकामा झाल्यावर डेलनी फोन न्यायला परत आली. बाई टेबलाशी नुसत्याच बसल्या होत्या.

"डेलनी, मी तुझा आवाज ऐकला होता," बाई म्हणाल्या. "तूच आहेस हे मला कळलं होतं. तरी मी दार उघडलं नाही." ऑड्रीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"सॉरी, बाई," डेलनी म्हणाली.

"तू कशाला सॉरी म्हणतेस?"

"मी ठोठावायला नको होतं. मी घाबरले आणि पळत आले. माझ्या आवाजानं सगळ्यांना कळलं असतं की आत मुलं आहेत." तिनं फोन खिशातून काढला, आईचे आलेले फोन बघितले, आणि अगदी शहाण्या मुलीसारखं विचारलं, "पुढच्या वेळी मी बाथरूममध्येच थांबेन. पाय वर घेऊन. तेच बरोबर ना?"

बाईंना सांगायचं होतं, पुढची वेळ येणारच नाही. सांगायचं होतं, पुढच्या वेळी तू ठोठाव, मी उघडेन. यातलं एकही खरं नव्हतं, आणि या मुलीशी आज खोटं बोलण्याची त्यांना हिंमत झाली नाही. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"हो," त्या म्हणाल्या. "तिथेच थांब."

"बरं, बाई," डेलनी म्हणाली, गृहपाठ समजल्यासारखी मान हलवली, आणि आईकडे गेली.