चर्चच्या हॉलची किल्ली

नव्वदच्या दशकात वडील उत्तरेतल्या एका शहरात, सेक्टर ३२च्या सरकारी इस्पितळात डॉक्टर होते आणि मी चर्चच्या तरुण संघाचा चिटणीस. आम्हांला सामाजिक प्रश्नांची फार ओढ होती. प्रश्न सापडला की आम्ही त्यावर परिसंवाद भरवत असू. त्या जानेवारीत विषय होता बेघरांविषयी आपले कर्तव्य.

परिसंवादाच्या आदल्या दिवशी जवळची झोपडपट्टी पाडली गेली आणि चर्च झाडणारी बाई तापाने फणफणलेल्या नातीला घेऊन हॉलच्या दारात आली.

"बेटा, दो रात अंदर सोने दो," ती मला म्हणाली.

आत खुर्च्या मांडून आम्ही नुकतेच दाराला कुलूप लावले होते. आमचा अध्यक्ष म्हणाला, "यार, पहले प्रार्थना कर लेते हैं. प्रभु रास्ता दिखाएगा."

आम्ही एकमेकांचे हात धरून डोळे मिटले. प्रार्थना जितकी लांब तितकी श्रद्धा मोठी, असा आमच्यात समज होता. डोळे उघडले तेव्हा दारात कोणी नव्हते.

"देखा? इंतज़ाम हो गया उसका," अध्यक्ष म्हणाला.

परिसंवाद उत्तम झाला. पुढच्या आठवड्यापासून चर्च दुसरी बाई झाडू लागली. पहिलीचे काय झाले ते कळले नाही.

हॉलची किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती. ती काढायला मला फक्त एक हात सोडवावा लागला असता.