एका खिडकीबद्दलची तक्रार

नदीकाठचं ते चिनी गाव शेकडो वर्षं जसंच्या तसं आहे, असं वेशीवरच्या फलकावर लिहिलं होतं. आत जायला तिकीट होतं. लंडनहून निघालेल्या आमच्या मराठी सहलीत बहुतेक सगळे निवृत्त. पांढऱ्या भिंती, काळी कौलं, दगडी कमानींचे पूल, खाली हिरवट पाणी. दर तिसऱ्या दुकानात तेच रेशमी पंखे. सकाळी एक बाई घाटावर कपडे धूत होती. दुपारी परतलो तेव्हा तेच कपडे पुन्हा धूत होती. आमच्या लोकांनी दोन्ही वेळा फोटो काढले.

माझा कॉलेजपासूनचा मित्र साउथहॅम्प्टनला छातीच्या विकारांचा डॉक्टर होता. "जपणं म्हणजे काय, ते यांच्याकडून शिकावं," असं तो प्रत्येक पुलावर म्हणत होता. शेवटच्या पुलावर त्याला फोटोसाठी मनासारखा कोन सापडला. त्यात एका घराला ॲल्युमिनियमची खिडकी निघाली. खिडकीत एक म्हातारी भाजी निवडत बसली होती.

"हिनं सगळी मजा घालवली," तो म्हणाला.

गाइड मुलीनं सांगितलं, नियम लाकडी जाळीचाच आहे. पण आजींना दमा आहे आणि हिवाळ्यात नदीवरून वारा येतो, म्हणून कुणी काही बोलत नाही. लेखी तक्रार आली तर मात्र खिडकी काढावी लागेल.

"मग देऊ की लेखी!"

तिच्याकडून तक्रारीचा फॉर्म घेऊन त्यानं माझ्यापुढे सरकवला. "तू आयुष्यभर बातम्या लिहिल्यास. तूच लिही."

मी चार ओळी लिहिल्या. जागा, वेळ, वस्तू, नियम. विशेषण एकही नाही. गाइडनं कागद वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

जानेवारीत मित्राच्या घरी फोटो बघायला जमलो. बाहेर सोसाट्याचा वारा होता, पण खिडक्यांच्या नव्या दुहेरी काचांमुळे आत ऐकू येत नव्हता. वहिनींनी साबुदाणा वडे केले होते. त्या गावच्या कार्यालयाकडून आभाराचा ईमेल आला होता, सोबत फोटो. त्यानं तो टीव्हीवर लावला. ॲल्युमिनियम गेलं होतं, लाकडी जाळी आली होती.

"बघा, एका तक्रारीत! आपल्याकडे झालं असतं?"

"आपल्याकडे म्हणजे कुठं? इथं की पुण्यात?" कुणीतरी विचारलं.

"दोन्हीकडे!"

लोक हसले. त्याची मुलगी इथंच जन्मलेली, हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर. ती हसली नाही.

"बाबा, पण त्या आजी विंटरमध्ये काय करणार? विंड आत येणार ना."

"अगं, पिढ्यान्‌पिढ्या असेच राहतात हे लोक."

"पण त्यांना अस्थमा आहे, तुम्हीच सांगितलं."

"तुझी पेशंट आहे का ती? वडा घे."

तिनं वडा घेतला नाही. उठून फोटो मोठा केला. जाळीला आतून निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चिकटपट्टीनं लावल्या होत्या. एका कोपऱ्यात चिंधी कोंबली होती.

"अरेच्चा," मित्र म्हणाला, "हे राहिलंच की." त्यानं लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. "लिही रे दोन ओळी."

मी नाही म्हणालो.

"का? रिटायर झालास म्हणून लिहिणंही सोडलंस?"

मग त्यानं स्वतःच लिहिलं, सगळ्यांना वाचून दाखवलं आणि पाठवलं. मजकूर पाल्हाळिक होता. मागणी स्पष्ट होती: पिशव्या आणि चिंधी काढावी.