काकूंची खोली

"झाला बघून. फुडे काय?"

कुठलंही सुंदर ठिकाण दाखवलं की काकू हेच विचारायच्या. पर्स बगलेत दाबून चालायलाही लागायच्या. अशा माणसाबरोबर तुम्ही कधी फिरला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, आपला डोळा समुद्रावर ठरायच्या आत तो गाडीच्या दाराशी उभा असतो.

काकू माझ्या शेजारणीची आई. सँडीफोर्ड या आयरिश उपनगरात आमची दारं समोरासमोर. २०२०च्या फेब्रुवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी त्या मालवणजवळच्या देवबागहून आल्या आणि मागोमाग विमानं बंद झाली. नातू झाला, मान धरायला लागला, तरी काकू इथेच. खुर्चीत टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. कडेला बसायच्या, बस येणार असल्यासारख्या. "आई, सगळं ग्रँड होईल," असं मुलीने 'ठीक'साठीचा इथला शब्द वापरून म्हटलं की भडकायच्या. "ह्या ग्रँड कधी होतला, ता सांग!"

ऑगस्टपर्यंत देशातल्या देशात फिरायची मोकळीक मिळाली होती. शेजारणीने उत्तरेला डोनेगलमध्ये आठवड्यासाठी घर घेतलं आणि मलाही ओढून नेलं. बाळाला बोटीवर नको म्हणून ती मागे राहिली. बेटांच्या फेरीला आम्ही दोघीच निघालो, काकू आणि मी.

सुरुवातीची बेटं बोटीतूनच पाहायची होती. काळे कडे, पांढऱ्या पक्ष्यांचे थवे, खडकांवर लोळणारे सील. मास्क लावलेली मंडळी कॅमेरे घेऊन एका बाजूला धावली तशी बोट कलली. काकू जागच्या हलल्या नाहीत. त्यांची नजर बोटवाल्यावर होती.

तो गप्पिष्ट होता. म्हणाला, "मी पूर्वी खेकडे पकडायचो. आता माणसं नेतो. ती आपणहून बोटीत चढतात!"

मी हसत हसत काकूंना मराठीत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "माझो झीलय आता ह्याच करता," एवढंच म्हणाल्या. झील म्हणजे मुलगा. पूर्वी मासेमारी करणारा त्यांचा मुलगा आता पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेत होता, घरातल्या खोल्याही त्यांना भाड्याने देत होता.

शेवटच्या बेटावर उतरलो. पांढरीशुभ्र घरं, निळी-पिवळी दारं, आणि जवळजवळ प्रत्येक दाराशेजारी आकड्यांची बटणं असलेली किल्लीची डबी. आलेल्या पाहुण्याने आकडे दाबावे, किल्ली काढावी, राहावं आणि जावं.

"ही घरा कोणाची गो?" काकूंनी विचारलं.

"बहुतेक भाड्याने देतात, काकू. हिवाळ्यात रिकामी असतील."

मग त्या प्रत्येक घराकडे निरखून पाहायला लागल्या. एका घराच्या खिडकीला दोन्ही हातांचा आडोसा करून त्यांनी काचेला नाक लावलं आणि दचकून मागे आल्या. आत एक म्हातारी टेबलाशी सूप पीत बसली होती.

दार उघडलं. म्हातारी रागाने लाल झाली होती. "हे माझं घर आहे. म्युझियम नाही!" ती इंग्रजीत कडाडली.

मी माफी मागायला लागले, तोच काकू पुढे झाल्या. हात जोडून सरळ मालवणीत बोलू लागल्या, "चुकला गो बाय माझा. माझ्याय घरात असेच वाकान बघतत. मी भात जेवतंय आणि ते फोटो काढतत."

म्हातारीला काय कळलं कोण जाणे. तिने काकूंची साडी पाहिली, साडीवरचा जाड कोट पाहिला, पाणावलेले डोळे पाहिले. "यू आर ग्रँड, लव्ह," ती हळू आवाजात म्हणाली आणि दार लोटलं. मग खिडकीचा पडदाही ओढला.

काकू समोरच्या दगडी कुंपणावर बसल्या. कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. मलाच अस्वस्थ व्हायला लागलं.

"चेडवा, पोरी," शेवटी त्या म्हणाल्या, "माझी खोली मोडतत. लॉकडाउनात धंदो नाय, म्हणून काम काढल्यानी. थय पावण्यांसाठी एसी बसतलो. झील म्हणता, तू स्वयंपाकघरात झोप. सगळी म्हणतत घराक जाशीत. पण जाव खय?"

इतके महिने 'घराक जावचा आसा' म्हणून तिळतिळ तुटणाऱ्या या बाईला घराचीच धास्ती होती, हे मला तेव्हा कळलं. तिच्या मुलीलाही माहीत नव्हतं.

"फोन लाव," त्या अचानक उठल्या. चढावर रेंज मिळाली. स्पीकरवर मुलाचा आवाज आला, "आये, समुद्राकडची भिंत पाडली. अर्धा काम झाला."

"मगे अर्धाच रवांदे," काकू म्हणाल्या. वाऱ्यात त्यांचा पदर फडफडत होता. "त्या अर्ध्या खोलयेत मी झोपतलंय. कोणी हात लावूचो नाय."

पलीकडून मुलगा बारीक आवाजात म्हणाला, "बरा, आये."

सप्टेंबरात मायदेशी नेणाऱ्या एका खास विमानात त्यांना जागा मिळाली. चेहऱ्यावर प्लॅस्टिकची ढाल, अंगात पांढरा झगा. विमानतळावर मुलगी रडत होती. काकूंनी नातवाकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि आत गेल्या.

त्यांचं विलगीकरण संपलं त्या रविवारी शेजारणीने मला हाक मारली. व्हिडिओ कॉलवर काकू त्यांच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. मागे भिंतीच्या जागी निळी ताडपत्री बांधलेली, ती वाऱ्याने फटाफट आपटत होती. काकू हातवारे करत भराभर काहीतरी सांगत होत्या.

"आई, काही ऐकू येत नाहीये!" मुलगी ओरडली.

काकूंनी फोन खाटेवर ठेवला, उठून ताडपत्रीचं टोक सोडलं. पडदा उडाला आणि सगळा समुद्र खोलीत आला.