घासूअण्णाचं पार्टिशन

आमच्या रंगाऱ्याला सगळं म्युझियम घासूअण्णा म्हणायचं. पॉलिश पेपर मारल्याशिवाय हा माणूस कशालाही ब्रश लावायचा नाही. आमच्याकडे प्रदर्शनं येतात नि जातात, आणि दर वेळी दालनातल्या पार्टिशनांना नवा रंग. मुखवट्यांना निळा, मातीच्या भांड्यांना मोहरी, जुन्या फोटोंना राखाडी. उद्घाटन तोंडावर आलेलं, साहेब डोक्यावर बसलेले, आणि हे महाशय आपले घासतायत! मी तिथला सुतार. करवादायचो, "अहो अण्णा, चित्रामागे कोण बघणारे?"

"मला दिसतं ना," एवढंच बोलायचा. अस्सा राग यायचा!

त्याला एकच मुलगी. शाळेला सुट्टी असली की बापाबरोबर यायची. एकदा बाप जेवायला गेला आणि हिनं माझी जाड पेन्सिल पळवून पांढऱ्या पार्टिशनवर, अगदी खाली, चित्र काढलं. आई, बाबा, मधे दोन वेण्यांची स्वतः. बाबांच्या हातात डोक्याहून मोठा ब्रश. अण्णानं तिच्यावर डोळे वटारले, मग मला हळूच बाजूला नेऊन म्हणाला, "बघितलंस? ब्रश बरोब्बर धरलाय." दुसऱ्या दिवशी त्यावर मुखवट्यांचा निळा चढला.

त्याच वर्षी पोर तापानं गेली. काय बोलणार! बघवेना म्हणून अण्णाच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, तिच्या वह्या, फ्रॉक, सगळं त्या भरात देऊन टाकलं. आणि पुढे वर्षानुवर्षं कपाटं उचकत राहिल्या. "तिच्या हातचं काहीच कसं उरलं नाही हो घरात?"

यंदा साहेबांनी अ‍ॅल्युमिनियमची पार्टिशनं मागवली. जुनी भंगारात जाणार कळल्यावर अण्णा धावतच माझ्याकडे आला. "ते तुटक्या कोपऱ्याचं ठेव बाजूला! निळ्याखाली आहे ते चित्र!" घरी सांगूनही मोकळा झाला होता. वहिनी स्वतः आल्या. मागच्या आवारात स्टुलावर बसल्या, मांडीवर धुतलेली चादर, चित्र गुंडाळून न्यायला.

अण्णा पट्टीनं खरवडू लागला. राखाडी गेला, मोहरी गेला. निळा लागला तसा त्याचा वेग मंदावला. नखाएवढा एकेक पोपडा जपून काढत होता. खाली पांढरा निघाला. नुसता पांढरा. मी म्हटलं, जरा बाजूला बघा. बाजूलाही तेच. खालचा सगळा भाग उघडा झाला, पण रेघ म्हणून दिसेना.

"जागा चुकली असेल," वहिनी म्हणाल्या.

अण्णा पट्टी ठेवून खाली बसला. "जागा नाही चुकली. निळा लावायच्या आधी मी घासलं होतं."

न घासता कधी लावलाय त्यानं रंग?

वहिनी रडल्या नाहीत. उठून त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या. पांढऱ्यावरून तळवा फिरवला. "इथंच बसली होती ना?"

"इथंच."

"मग एवढा तुकडा कापून द्या भाऊजी."

मी करवत चालवली. माझे डोळे भरले होते, कडा ओबडधोबड निघाल्या, कुसळं वर आली. सवयीनं मी अण्णापुढे पॉलिश पेपर धरला. "वहिनींना टोचेल."

त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"टोचू दे," तो म्हणाला.