तुळशीदास कुंभाराच्या खापऱ्या

वसईजवळच्या आमच्या गास गावातल्या तुळशीदास कुंभाराला कुणीतरी मसणवटीत खापऱ्या वेचताना पाहिलं. मयतापाशी फोडलेल्या मडक्याच्या खापऱ्या. हिंदूंच्या आळीतून ही बातमी आमच्या ख्रिस्ती आळीत संध्याकाळच्या प्रार्थनेआधीच पोचली.

साल १९५३. मी नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. तुळशीदास माझ्या बापाच्या वयाचा, पण दोस्त.

लुईझामावशीच्या फिलोमिनाचं लग्न जवळ आलं होतं. आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून नव्या मडक्यांतून आणायचं, ही आमची रीत. मडकी तुळशीदासकडेच सांगितलेली.

"ज्युलियस, तुजा दोस्त ना तो? इचार त्याला, करनी करतो काय?" मावशी म्हणाली.

कुंपणापलीकडच्या हिंदू आळीतून सुभद्राकाकू म्हणाल्या, "आमी तर त्याला दारात उभा करनार नाय."

दोन्ही आळ्यांनी पाठ फिरवली, तर त्याचं चाक थांबणारच होतं.

मी गेलो. तो अंगणात खापऱ्या कुटत बसला होता. दिवसाउजेडी.

"तुळशीदादा, या मसणातल्या?"

"काय मसणातल्या, काय गावातल्या. ही सुभद्राच्या सासऱ्याच्या मयताच्या वेळची. ही जाड, तुज्या आजीच्या रांजनाची."

"आणि हे मातीत घालतोस?"

"माजा बापही घालायचा. हितली माती नुसती भाजली की तडकते. भुकटीनं धरते."

"पण मसणातलीच कशाला?"

"गावात फुटलं ते गावाच्याच मातीत. मेलेला मानूस काय परका झाला?"

घरून निघताना मी त्याच्याच माठातलं पाणी प्यालो होतो.

त्यानं काही लपवायला सांगितलं नाही. मी दोघींना जसंच्या तसं सांगितलं.

मावशी आपल्या माठाकडे बघत राहिली. "म्हंजे घरातलं सगळंच फोडायचं? नि प्यायचं कशातून?"

सुभद्राकाकू आपल्या घरातली मडकी मोजायला आत गेल्या.

भट्टी उघडली त्या सकाळी दोघी हजर. मावशीनं मडक्यावर बोट वाजवलं, कान लावला, मग पदराआडून बाटली काढून आमच्या ख्रिस्ती देवळातलं पवित्र पाणी आत शिंपडलं. सुभद्राकाकूंनीही बाटली काढून आपल्या नव्या घागरीत गोमूत्र शिंपडलं. मग दोघी एकमेकींच्या बाटलीकडे संशयानं बघू लागल्या.

"झालं का बायांनो?" तुळशीदास म्हणाला. "आता उचला. त्या पान्यानं गळाया लागलं, तर माज्याकडे भांडाया येऊ नका."